निकालानंतरची वकीलबाई

जिंकून आलेल्या माणसाचे पेढे दारातूनच परत पाठवणाऱ्या वकील मी आयुष्यात एकच पाहिल्या, आमच्या आपा.

माणूस खेड्यातून आलेला असायचा. कधी राजुऱ्याकडून, कधी पार सिरोंच्याहून पहाटेची एसटी धरून. काखेत पिशवी, पिशवीत पेढ्यांचा पुडा आणि बापाच्या काळापासूनचा दावा जिंकल्याचं हसू तोंडभर. आपा चष्म्याच्या वरून त्याच्याकडे पाहायच्या आणि विचारायच्या,

"जमिनीवर पाय ठेवला?"

"नाई बाई. पन निकाल लागला नं आपल्या बाजूनं."

"मंग हे घरी ने. लेकरायले दे."

तो ओशाळायचा. मग आपा त्याला बसवायच्या, माठातलं पाणी द्यायच्या आणि त्यांचं ठरलेलं बोलणं सुरू व्हायचं. कोर्टाचा हुकूम म्हणजे लग्नाची पत्रिका. पत्रिका छापली म्हणून कोणी नांदायला लागत नाही. आपण आता नांदायचं बघू.

चंद्रपुरात सगळे त्यांना वकीलआपा म्हणायचे, खेड्यातले लोक वकीलबाई. वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, त्याच्याच वरच्या खोलीत यांचं ऑफिस. त्या फक्त निकालानंतरच्या वकील होत्या. दावा जिंकला तरी जमीन आपोआप हातात येत नाही, हे बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं. त्यासाठी कोर्टात पुन्हा दरखास्त द्यावी लागते, कब्जा वॉरंट निघावं लागतं, मग कोर्टाचा बेलीफ ते वॉरंट घेऊन शेतावर जातो, बसलेल्याला उठवतो आणि जिंकलेल्याला बसवतो. वकिलांना हा भाग कंटाळवाणा वाटतो. यात भाषण नाही, उलटतपासणी नाही, पेपरात नाव नाही. आपांनी नेमका तोच धरला होता. कोणी नवा दावा घेऊन आलं की त्या मागच्या गल्लीतल्या वकिलाकडे पाठवायच्या. "भांडायले तो चांगला हाय. जिंकला की इकडं ये."

मी त्यांच्याकडे अर्ज टाइप करायला होते. भद्रावतीच्या कॉलनीत वाढलेली मुलगी मी, वडील युनियनचे. आमच्या घरात देवाच्या तसबिरी कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी बाराखडी गिरवली. त्यामुळे जगातला कुठलाही अन्याय एका कागदाच्या दोन बाजूंत मावतो आणि त्याच्या शेवटी उद्गारचिन्ह लागतं, अशी माझी पक्की समजूत होती. आपांसाठी पहिलाच अर्ज लिहिला तो त्याच थाटात. "पिढ्यानपिढ्या श्रमिकांचे रक्त शोषणाऱ्या प्रतिवादीने" अशी सुरुवात. आपांनी तो दोनदा वाचला. पेन उघडलं आणि एकेक विशेषण खोडत गेल्या. शेवटी त्या पानावर फक्त गट नंबर आणि "जागा सोडली नाही" एवढं उरलं.

"प्रतिवादी रक्त पिते का चहा पिते, जजसाहेबाले काय करायचं हाय? जागा सोडली का नाई सोडली, तेवढं लिही." आणि वर, "पत्रकवाली कुठची." हेच पुढे माझं नाव पडलं.

त्यांचा मोबाइल जेवणाच्या डब्यात असायचा. कोर्टात फोन वाजला म्हणून एकदा जजसाहेबांनी त्यांना उभं केलं होतं, तेव्हापासून. बंद करता येतो हे मी दाखवलं होतं, पण बंद केलेलं यंत्र बिघडतं असं घड्याळजीच्या या मुलीचं मत होतं. त्यामुळे सुनावणी चालू असताना कधीकधी डब्यातून, पोळीभाजीच्या खालून, घुमल्यासारखा आवाज यायचा आणि आपा छताकडे पाहत उभ्या राहायच्या.

शेतावर जाताना काळा कोट तसाच आणि पायात बाजारातले निळे प्लास्टिकचे जोडे. हातात छत्री, ती कधी उघडायच्या नाहीत. वॉरंट हातात असेपर्यंत दोन्ही बाजूंपैकी कोणाच्याही घरचं पाणी घ्यायच्या नाहीत. नव्या पक्षकाराला मात्र एक प्रश्न हमखास विचारायच्या. सकाळी तुझ्या शेताच्या मधोमध उभा राहिला, तर कोणत्या झाडाची सावली कुठवर येते? काही लोक पटकन सांगायचे, बोलता बोलता हात करून दाखवायचे. काहींना सांगता यायचं नाही. एकदा एका बंगलेवाल्याला नाही सांगता आलं. आपांनी त्याची फाइल बांधून परत दिली. जिंकला असशील बाबा कायद्यानं, म्हणाल्या, पण तुला जमीन नको आहे, तुला तिथली माणसं उठवायची आहेत. त्याला दुसरा वकील मिळालाच. ते आपांनाही माहीत होतं.

आपांचं माझं खरं भांडण झालं ते एका म्हशीवरून.

भद्रावतीच्या बाजूला दोन चुलतभावांचा वाद होता. आमचा पक्षकार जिंकलेला. हरलेल्याचा गोठा त्याच्या जमिनीत येत होता, तो खाली करून घ्यायचा. आम्ही बेलीफाला घेऊन पोचलो तर गोठ्यात म्हैस अडलेली. सकाळपासून कळा देत होती, रेडकू येत नव्हतं. हरलेला भाऊ तिच्या मानेला हात लावून बसला होता. आम्हाला पाहून तो उठलासुद्धा नाही.

बेलीफ म्हणाला, जनावरं बाहेर काढा, मला आज आणखी एक वॉरंट आहे. आपा गोठ्याच्या दारात गेल्या, आत पाहिलं आणि तिथेच उंबऱ्यावर बसल्या. म्हणाल्या, गोठा वॉरंटात आहे. म्हैस वॉरंटात नाही. ती मोकळी झाली की बघू.

आमचा पक्षकार भडकला. "वकीलबाई, तुमी माह्या वकील का म्हशीच्या?"

"या घडीले म्हशीची."

तो पाय आपटत बांधापर्यंत गेला. परत आला. पुन्हा गेला. आतून म्हशीचा आवाज आला तसा तो तिसऱ्यांदा वळला, सदरा काढून माझ्याकडे फेकला आणि आत शिरला. दोघा भावांनी मिळून रेडकू ओढून काढलं. ते जिवंत होतं. दोघंही कोपरापर्यंत भरलेले, एकमेकांशी एक शब्द न बोलता बाहेर आले. दुपारनंतर हरलेल्यानेच दोर सोडला, म्हैस आणि रेडकू घेऊन गेला आणि जाताना गोठ्याचं फाटक उघडं ठेवलं.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, हे कुठलं तत्त्व? ज्याने दुसऱ्याची जागा वर्षानुवर्षं दाबली, त्याच्या सोयीने कोर्टाने थांबायचं? आपा खिडकीची काच वर सरकवायला झटत होत्या. ती सरकेना. तसंच झटत म्हणाल्या, "उठनाऱ्याले सोताच्या पायानं उठू द्यावं बेटा. ओढून काढलेला मानूस पुन्हा येऊन बसते. मंग पुन्हा वॉरंट, पुन्हा मी, पुन्हा हेच बस."

मला ते तेव्हा पटलं नाही. आजही सगळं पटलेलं नाही. चुलतभावांत ते ठीक आहे. पण जंगलातल्या गावांत जाऊन साध्या माणसांच्या जमिनींना तारा ठोकणारे स्वतःच्या पायांनी कधी उठले आहेत? त्यांच्यासाठी रस्त्यावरच उतरावं लागतं. हे मी आपांना अनेकदा सुनावलं. त्या ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, उतर नं. पण आधी तो अर्ज टाइप कर.

आता ते ऑफिस बंद आहे. आपा वरोऱ्याला बहिणीकडे असतात, मोतीबिंदू काढल्यापासून दूरचं चांगलं दिसतं म्हणतात. मी लिहिते, सभांना जाते, पत्रकंही काढते. पण कुठे जमिनीचा निकाल लागल्याची बातमी आली आणि सगळे टाळ्या वाजवू लागले, की माझे हात जरा उशिरा जुळतात. मला एटापल्लीकडची ती सकाळ आठवते.

एक गोंड म्हातारा आणि त्याची बायको. शेत त्यांच्या बापजाद्यांचं. राइस मिल चालवणाऱ्या एका शेठने एका हंगामापुरतं म्हणून कसायला घेतलं आणि नंतर भोवती तारेचं कुंपण घालून सोडायलाच तयार होईना. तो गावाच्या कडेला घर बांधून राहायलाही आला. दावा लागला, अपील झालं, निकाल म्हाताऱ्याच्या बाजूने. तोवर तो पार थकला होता. शेठने वरच्या कोर्टात स्थगिती मागितली होती आणि त्याची सुनावणी आठवड्यातच होती. म्हणजे त्याआधी ताबा झाला तर झाला. नाहीतर फाइल पुन्हा वर जाणार, आणि ती खाली येईपर्यंत म्हातारा असेल की नाही, कोणी सांगावं.

वॉरंटची तारीख आपांनी मुद्दाम होळीनंतरची मागून घेतली होती. शेतात पीक उभं असलं की हरलेला म्हणतो, पीक माझं, काढून घेऊ द्या. ते निघेपर्यंत तो पुढचं पेरतो. म्हणून आपांना उघड्या जमिनीची तारीख लागायची. यावेळी ती मिळाली म्हणून त्या इतक्या खूश होत्या की आदल्या दिवशी बसमध्ये कंडक्टरशी भांडल्यादेखील नाहीत.

सकाळी आम्ही शेतावर पोचलो. धानाचे वाळके खुंट, तारेचं कुंपण, एका कोपऱ्यात मोहाचं मोठं झाड. मोहाची फुलं गळत होती. म्हाताऱ्याची बायको बांधावर टोपली घेऊन बसली होती. बेलीफाच्या निरोपाप्रमाणे बैलजोडी आणि नांगर तयार होता, गावातले दोन पंच आले होते, शेठही आला होता. बेलीफ माणूस वाईट नव्हता, पण त्याची एक पद्धत होती. जिंकलेल्याने सगळ्यांसमोर नांगराचं एक तास, म्हणजे एक सरी, चालवायचं, मग तो लिहिणार की ताबा दिला.

"चला आजोबा, घाला नांगर."

म्हातारा हलला नाही. दोन्ही हात मागे बांधून उभा.

"नाई जमत साहेब."

"का?"

"बीजपंडुम नाई झाला अजून."

बीजपंडुम म्हणजे बियाण्याचा सण. गावचा पुजारी, ज्याला तिथे भूमिया म्हणतात, तो दिवस ठरवतो, पूजा होते, बियाणं वाटलं जातं. त्याच्या आधी गावात कोणी मातीला नांगर लावत नाही. लावला तर सगळ्या गावाला भोगावं लागतं. हे मला पंचांनी सांगितलं, आणि ते सांगताना शेठकडे पाहिलं. कारण तो मात्र दरवर्षी सणाच्या आधीच ट्रॅक्टर घालायचा.

बेलीफाने समजावलं. नुसती एक रेघ ओढा, पाऊलभर ओढा. म्हातारा हळू आवाजात म्हणाला, "मी बी तसंच केलं, तं मंग याच्यात अन् माह्यात फरक काय राह्यला साहेब?"

शेठ हाताची घडी घालून मोहाच्या बाजूला उभा होता. आवाजात साखर घोळवून म्हणाला, "साहेब, मी अडवून नाई राह्यलो. घ्या म्हनतो. तेच घेत नाईत. तसं लिवा."

बेलीफाने पिशवी उघडली. 'ताबा घेण्यास नकार' एवढे शब्द लिहिले की झालं, इतकी वर्षं पाण्यात. मला राहवलं नाही. मी बोलायला लागले, जंगल कोणाचं, कायदे कोणी कोणासाठी केले, सगळं. बेलीफाने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, मॅडम, यातलं पंचनाम्यात काही घेता येत नाही. आपांनी छत्रीच्या टोकाने माझ्या जोड्याला टोचलं.

मग त्यांनी स्वतः प्रयत्न केला. कायद्यात नांगर कुठे लिहिला आहे? एकाला उठवा, दुसऱ्याला बसवा, एवढंच आहे. बेलीफ म्हणाला, तुमचं खरं आहे आपा, पण नुसतं उभं राहून ताबा घेतला असं लिहिलं, तर यांचा वकील त्याला कागदावरचा ताबा म्हणून वर उडवेल. काहीतरी केलेलं दिसलं पाहिजे. तेही खोटं नव्हतं. एका पंचाने सुचवलं, कुंपणाचे दोन खांब उपटा. दुसरा म्हणाला, खांब उपटला तरी माती हालतेच नं. त्यावर ते दोघं गंभीरपणे वाद घालू लागले आणि म्हातारा मान हलवत राहिला.

आपा बांधावर बसल्या. त्यांना असं खचून बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "तारीख मी घेतली. पीक पाह्यलं, पानी पाह्यलं. गावाले इचारलं नाई."

इतक्यात पानांचा सरसर आवाज आला. म्हातारी मोहाखाली पोचली होती. पळसाची डहाळी मोडून तिने खालचा पाचोळा झाडायला घेतला होता. मोहाच्या दिवसांत बुंध्याभोवतीची जागा अशी लख्ख करतात, म्हणजे फुलं स्वच्छ जमिनीवर पडतात आणि वेचता येतात. गावात कोणतं झाड कोणाचं, हे त्यावरूनच ठरतं. ज्या घरानं झाडलं, वेचायचं त्याच घरानं. दुसरा कोणी तिथे वाकत नाही. म्हातारीच्या मनात कायदा वगैरे काही नव्हतं. पाचोळ्यात फुलं सडत होती आणि ते तिला बघवेना, असं तिने नंतर सांगितलं.

शेठची घडी सुटली.

"ए बुढे, टाक ते. माह्या झाडाखाली कोनी झाडाचं नाई." तो तरातरा गेला आणि तिच्या डहाळीवर पाय देऊन उभा राहिला.

म्हातारीने डहाळी सोडली नाही. वाकलेली होती तशीच वाकून राहिली.

आपा उठल्या. कोट झटकला आणि चालत मोहापर्यंत गेल्या. मी मागोमाग. आपांचा आवाज इतका मऊ मी कोर्टातही ऐकला नव्हता.

"शेठ, तुमी तं म्हनत होते, मी अडवत नाई."

"जमीन नाई अडवून राह्यलो. हे झाड हाय."

"झाड कुठी उभं हाय?"

त्याने वर फांद्यांकडे पाहिलं.

"बुढीनं पालापाचोळा काढला. जागा साफ होऊन राह्यली. तुमाले काऊन झोंबलं?"

"काऊन म्हंजे? तिनं झाडून घेतलं तं उद्या गाव म्हनन झाड तिचं हाय, वावर तिचं हाय."

दोन्ही पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. शेठला आपण काय बोललो ते कळलं, पण बोलून झालं होतं. आपा बेलीफाकडे वळल्या.

"साहेब, लिहा. जे घेतलंच नाई, ते कोनी अडवत नाई."

बेलीफ क्षणभर त्या पायाकडे पाहत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावरचा सकाळपासूनचा थकवा उतरला. तो पुढे झाला आणि म्हणाला, "शेठ, पाय काढा. आता तुम्ही कोर्टाच्या हुकमाला अडवताय."

माझ्या पत्रकांत मी हुकूम, सत्ता, शासन असे कितीतरी मोठे शब्द वापरले आहेत. हुकूम म्हणजे काय हे मी त्या सकाळी पाहिलं. शेठने इकडेतिकडे पाहिलं. आणि पाय उचलला.

म्हातारीने झाडणं पुढे चालू केलं. बेलीफाने बांधावर बसून पंचनामा लिहिला. शेतातील मोहाच्या झाडाखालची जागा वादीच्या पत्नीने झाडून घेतली, प्रतिवादीने अडथळा केला, अडथळा दूर करून प्रत्यक्ष ताबा दिला. पंचांनी सह्या केल्या. शेठने सही द्यायला नकार दिला, तोही लिहिला. पुढच्या आठवड्यात वरच्या कोर्टात त्याच्या वकिलाला विचारलं गेलं की ताबा झालेला असताना स्थगिती कशाला? स्थगिती मिळाली नाही. आणि म्हाताऱ्याने सण झाल्यावर, भूमियाच्या हातचं बियाणं घेऊन, शेत पेरलं. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी बेलीफ गेला, शेठ गेला, पंच बैल घेऊन गावाकडे वळले. म्हातारा कुंपणाच्या कडेकडेने चालत होता, एकेका खांबाला हात लावत. आपल्याला केव्हाची भूक लागली आहे ते मला तेव्हा कळलं. आपांनी मोहाखालच्या सावलीत बसकण मारली. निळे जोडे काढले, पाय लांब केले, डोळे मिटले आणि असा सुस्कारा सोडला की मला हसू आलं. वर मोह टपटपत होता. एक फूल त्यांच्या काळ्या कोटावर पडलं. त्यांनी ते तसंच राहू दिलं.

म्हातारी टोपली घेऊन आली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली.

"बाई, तिकडं बसा. हे जागा झाडली हाय मी."

आपांनी डोळे उघडले. एक क्षण त्या म्हातारीकडे पाहत राहिल्या. मग घाईघाईने उठल्या, जोडे हातात घेतले, "हो, हो, चुकलं" म्हणाल्या आणि अनवाणीच त्या गोलाच्या बाहेर जाऊन उन्हात उभ्या राहिल्या. म्हातारी वाकली आणि त्या बसल्या होत्या तेवढी जागा तिने पुन्हा एकदा झाडून घेतली.